चोथ्याची प्रतिष्ठा

कोकणी माणूस काही टाकून देत नाही, असं घाटावरचे लोक कौतुकाने सांगतात आणि कोकणातल्या सुना कपाळाला हात लावून सांगतात. त्यात तथ्य आहे. नारळाचं खोबरं पोटात जातं, सोडणं बंबात जातात, झावळांचे झाप विणून पडवीला लागतात, हिरांचा खराटा होतो आणि एवढं करून जे झाड उरतं ते कोणाच्या हद्दीत आहे यावर दोन पिढ्या दावा चालतो. रातांब्याच्या सालीचं आमसूल, रसाचं आगळ आणि बियांचं मुठेल. ते भेगाळलेल्या टाचांना. फणसाचे गरे आपल्याला, आठळ्या पावसाळ्यातल्या भाजीला, चारखंडं गुरांना. आंब्याचा तर प्रश्नच नाही. डागी आंबा टाकायच्या आधी घरात बैठक होते आणि बहुतेक वेळा निर्णय आंब्याच्या बाजूने लागतो.

असा हा माणूस मार्च उजाडला की काजूच्या झाडाखाली जातो, बी पिरगळून काढतो आणि अख्खं फळ फेकून देतो.

लाल, पिवळा, रसाने तट्ट फुगलेला, बीच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू! संत्र्यालाही लाजवील इतकं क जीवनसत्त्व असलेला. पण तो पडला की दिवसभरात खराब होतो, खाल्ला की घसा धरतो आणि पिळला की कपड्याला असा डाग पाडतो, की तो सदरा पुढे फरशी पुसायला काढला तरी डाग ओळखता यावा. मुलं मीठ लावून एकदोन खातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या सरबताच्या नि इतर पदार्थांच्या कृती शोधून ठेवल्या आहेत. बाकीचे बोंडू झाडाखालीच आंबतात. एप्रिलमध्ये पावसच्या रस्त्याने किंवा लांज्याकडे जाताना एखाद्या वळणावर जो गोडसर, आंबूस, किंचित वाह्यात वास गाडीत शिरतो, तो त्यांचाच. गुरं ते खातात आणि संध्याकाळी जरा रमतगमत घरी येतात. त्यांना कोणी परवाना विचारत नाही.

हे सगळं आठवायचं कारण ग्राप्पा. आमचा भाचा इटलीत तुरीनला नोकरीला आहे. तो मे महिन्यात आंबे खायला येतो आणि येताना सरकारने ठरवून दिलेले दोन लिटर बरोब्बर आणतो. एरवी त्यात स्कॉच असते. या खेपेस त्याने ग्राप्पाच्या दोन बाटल्या काढल्या आणि हे द्राक्षाच्या चोथ्यापासून करतात, असं अभिमानाने सांगितलं. शेजारचे काका त्या वेळी ओटीवर पेपर वाचत होते. पेपर आमचाच होता.

"चोथ्यापासून? म्हणजे रसाची वाईन करून आधी ती प्यायची, आणि मग उरलेला चोथा उकळून त्याचंही प्यायचं?"

"हो आजोबा."

"बियांचं काय करतात?"

"त्याही चोथ्यातच असतात. सालं, बिया, थोडे देठ, सगळं."

काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "आणि हे सगळं उकळून उरतं त्याचं?"

भाच्याने सांगितलं की त्यातल्या बिया वेगळ्या काढून तेल गाळतात आणि बाकीचं खत म्हणून शेतात जातं. काका बराच वेळ गप्प होते. "ह्या लोकांशी आपले संबंध फार पूर्वीच जुळायला हवे होते," एवढंच म्हणाले.

काकांनी एका वाक्यात उरकलेली ही गोष्ट प्रत्यक्षात नाजूक आहे. वाईनसाठी द्राक्षं दाबून झाली की जो ओलसर लगदा राहतो तो लगेच भट्टीवर जावा लागतो, नाहीतर त्याला बुरशी धरते. लाल वाईनचा चोथा रसाबरोबरच आंबलेला असतो, त्यामुळे तो थेट भट्टीवर जायला तयार. पांढऱ्या वाईनमध्ये सालं आधीच वेगळी काढलेली असतात, म्हणून त्यांना स्वतंत्रपणे आंबवावं लागतं. मग तांब्याच्या भांड्यात वाफ सोडायची, ती चोथ्यातून फिरून अर्क घेऊन वर येते आणि थंड होऊन ठिबकते. ब्रँडी वाईनपासून होते, म्हणजे तिचा जन्म द्रवातून. ग्राप्पा घट्ट चोथ्यातून काढतात. हाच तिचा मान आणि हीच डोकेदुखी, कारण सालं तळाला लागली की करपट वास पुढे बाटलीपर्यंत सोबत करतो.

आता एक गोष्ट आपल्याकडच्या जाणकारांना रुचणार नाही. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे लकाकतात. इटलीतला ग्राप्पावाला ती पहिली धार बाजूला काढतो. त्या धारेला तो डोकं म्हणतो, मधल्या धारेला काळीज आणि शेवटच्या धारेला शेपूट. डोक्यात उग्र आणि अपायकारक अंश जास्त, शेपटात तेलकट वासाचे. बाटलीत जातं ते फक्त काळीज. आपल्याकडे आयुष्यभर पहिल्या धारेची शेखी मिरवलेल्या माणसाला हे सांगू नये. तो आपल्या तब्येतीचा दाखला पुढे करतो आणि वाद हरायची पाळी आपल्यावर येते.

ग्राप्पाचं माहेर इटलीचा उत्तर भाग, आल्प्सच्या पायथ्याचा. तिथे बस्सानो देल ग्राप्पा नावाचं गाव आहे. गावातून ब्रेंता नदी वाहते, नदीवर पल्लाडिओ या थोर वास्तुकाराने सोळाव्या शतकात आखलेला लाकडी झाकलेला पूल आहे आणि पुलाच्या टोकाशीच नार्दिनी घराण्याची १७७९ सालापासूनची ग्राप्पाची पेढी आहे. १७७९ म्हणजे इथे नाना फडणवीसांचा कारभार चालू होता. पूल युद्धांत पडला, पुन्हा बांधला, परत पडला, पुन्हा बांधला. दुकान पुलाच्या टोकालाच राहिलं. पहिल्या महायुद्धात जवळच्याच डोंगरावर इटलीच्या पहाडी पलटणी बर्फात उभ्या होत्या, तेव्हा थंडीवर उतारा हाच होता. थोडक्यात, ग्राप्पा मुळात शेतकऱ्याची, हमालाची, शिपायाची. वाईन मालकाच्या टेबलावर गेली की चोथा राबणाऱ्यांच्या वाट्याला यायचा, त्यातून ही निघाली. युरोपातल्या कायद्याने आता तिची इतकी कड घेतली आहे, की इटलीत केलेली असेल तरच बाटलीवर ग्राप्पा लिहिता येतं आणि तिच्यात किमान साडेसदतीस टक्के मद्यार्क लागतो.

आता चवीकडे वळू, कारण बाटली उघडून बराच वेळ झाला आहे. भाच्याने आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक पाण्यासारखी पांढरी, कोवळी. दुसरी बारा महिन्यांहून जास्त लाकडी पिंपात मुरलेली, मधाच्या रंगाची. भाच्याचं म्हणणं असं, की कोवळी थोडी गार करून प्यायची आणि मुरलेली खोलीच्या तापमानाला. इथे पहिला घोटाळा झाला. हा नियम करणाऱ्याची खोली आल्प्सच्या पायथ्याशी होती आणि आमची खोली खालच्या आळीत, मे महिन्यात, पंखा बंद. त्या तापमानाला मुरलेली ग्राप्पा बाटलीत थांबायलाच तयार नसते. मग ती दहा मिनिटं माठाच्या तिवईखाली ठेवली.

दुसरी अडचण पेल्याची. कमरेत आवळलेला, वर थोडा उमललेला लहान पेला लागतो, म्हणजे वास नाकाशी नीट येतो आणि मद्यार्काचा भपका दूर राहतो. घरात तसं काही नव्हतं. शेजारच्या काकूंनी आपल्या कपाटातून लग्नात आलेले आईस्क्रीमचे पेले काढले. ते पूर्वी कधी वापरले गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. एका पेल्याच्या तळाला अजून दुकानाची चिठ्ठी होती.

तिसरी गोष्ट तिथले जुने लोक करतात ती. हाताच्या पाठीवर एक थेंब चोळायचा आणि वास घ्यायचा. दर्जाची असेल तर द्राक्षाचा वास मागे राहतो. हे ऐकताच काकांनी हातावर चोळून पाहिलं, मान डोलावली आणि मग काही न बोलता गुडघ्यावरही चोळलं. "आराम पडतो," म्हणाले. ग्राप्पाच्या जाणकारांच्या टिपणांत या निरीक्षणाला जागा नाही, पण मी ते इथे नोंदवून ठेवतो. ज्या घरांत पोराच्या सर्दीवर छातीला ब्रँडी चोळतात आणि ती बाटली देवघराच्या वरच्या फळीवर औषधांच्या डब्यात असते, तिथे हा विचार सुचणं स्वाभाविक आहे.

कोवळीचा पहिला घोट थेट कानशिलात लागतो. काका म्हणाले, "रॉकेल!" दुसऱ्या घोटाला द्राक्षाची साल येते, ओलं गवत येतं आणि मोस्कातो जातीच्या द्राक्षाची असेल तर फुलांचा वास. तिसऱ्या घोटाला काका म्हणाले, "तसं रॉकेल नाही म्हणता येणार." मुरलेली त्या मानाने सालस. लाकूड, व्हॅनिला, थोडा सुका मेवा, घशात उतरताना ऊब. ती घरात आणली तर सासू रागावणार नाही, अशी.

मात्र खरा विजय काकूंचा. भाच्याने फोनवर ग्राप्पाचे वेगवेगळे प्रकार दाखवायला सुरुवात केली. त्यात एका बाटलीत हिरवी डहाळी बुडवलेली होती. इटलीत तिला रुता म्हणतात, असं तो सांगू लागला. काकूंनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि म्हणाल्या, "अरे, ही सताप! आपल्या न्हाणीजवळ आहे ती. बाळाच्या पोटदुखीवर देतो ना आम्ही?" भाच्याने नाव शोधून पाहिलं. काकू बरोबर होत्या. इटालियन माणूस ज्या डहाळीवर ग्राप्पा ओततो, तीच आपल्याकडे पाच पिढ्या तान्ह्या पोरांसाठी लावलेली आहे. तिच्यात दारू घालायचं मात्र आपल्याला कधी सुचलं नाही. यावरून दोन संस्कृतींमधला फरक सांगता येईल, पण काकूंनी तोवर विषय ओव्याच्या पानांवर नेला होता.

ग्राप्पाबरोबर काय खायचं, हा प्रश्न आपल्या माणसाने विचारला की इटालियन माणूस गोंधळतो, कारण ती जेवणाच्या शेवटी असते. जेवण झालं, कॉफी झाली, मग ग्राप्पा. अन्न पचावं म्हणून, बोटभर. आपला क्रम नेमका उलटा. आठ वाजता बसायचं, बारापर्यंत शेंगदाणे, चकली, फरसाण, उकडलेली अंडी, तळलेली सुरमई एवढं 'काही खास नाही' म्हणत चखणा म्हणून संपवायचं आणि साडेबाराला यजमानीण डोळे चोळत गार पोळ्या आणते तेव्हा "वहिनी, एकच वाढा," म्हणायचं. आपल्याकडे जेवण हा बैठकीच्या शेवटी होणारा दंड आहे. त्यामुळे ग्राप्पाची जागा आपल्या जेवणात कुठे बसवायची हे पटकन कळत नाही. आधी घेतली तर चवीची धार जाते, आणि नंतर घ्यायला कोणी शुद्धीत नसतो.

तिथले लोक मुरलेल्या ग्राप्पाबरोबर कडू चॉकलेट, जुनं खारट चीज, अक्रोड, सुके अंजीर घेतात. कॉफीत थेंबभर घालून तिला 'दुरुस्त केलेली कॉफी' म्हणतात. व्हेनेतो प्रांतात कॉफी संपल्यावर त्याच कपात थोडी ग्राप्पा ओततात, कप फिरवून कडेची साय, तळाची साखर सगळं गोळा करतात आणि पिऊन टाकतात. हे ऐकून मला आमच्या आजोबांची आठवण झाली. ते जेवणानंतर ताटात पाणी घालून, बोटाने फिरवून, ते पाणी पीत. पुण्याची पाहुणीमंडळी हे बघून मान खाली घालत. आजोबा वेळेवर व्हेनेतोत जन्मले असते तर त्याला रीत म्हटलं असतं.

चॉकलेट आणि जुनं चीज आमच्याकडे नव्हतं. म्हणून घरातलं जे होतं ते एकेक करून पाहिलं. फणसाचे तळलेले गरे आणि कोवळी ग्राप्पा, ही जोडी जमली. खारट, कुरकुरीत, मागे फणसाचा हलका गोडवा, त्यावर द्राक्षाच्या सालीचा झणका. ओल्या काजूगरांची उसळ आणि ग्राप्पा, अजिबात नाही. उसळीचा नाजूकपणा जागच्या जागी मरतो आणि त्या काजूगरांची किंमत आठवून घासाघासाला दुःख होतं. भाजलेल्या आठळ्या, ठीक. आंबापोळी आणि मुरलेली ग्राप्पा, हे मात्र लागण्यासारखं. आंबापोळीचा दाट गोडवा आणि आंबटपणा तिला धरून ठेवतो आणि लाकडाचा वास आंब्याच्या मागून हळूच येतो. तळलेल्या बांगड्याबरोबर काकांनी हट्टाने घेतली. बांगडा, ग्राप्पा आणि काका तिघांचंही त्यात नुकसान झालं. सोलकढीच्या बाबतीत अडचण अशी, की तीही जेवणाच्या शेवटी येते आणि तीही पचवायला. एका पाटावर दोन जावा बसवू नयेत.

हे सगळं चाललं असताना ओटीवर एक मुद्दा निघालाच: आपल्या बोंडूचं काय? तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात त्याचं चांगलं चाललं आहे. झाडावरून आपोआप गळलेले पिके बोंडू गोळा करायचे, कातळात किंवा सिमेंटमध्ये केलेल्या कोळंबी नावाच्या कुंडात पायांनी तुडवायचे, निघालेला रस गाळायचा, तो मडक्यात आपल्या आपण आंबू द्यायचा आणि मग भट्टीच्या भाणात चढवायचा. पहिल्या उकळीला हुराक, पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, फाल्गुन-चैत्रापुरताच. पुन्हा चढवला की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. २००९ साली काजूच्या फेणीला गोव्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेय ठरवलं. ग्राप्पाशी तिचं नातं स्पष्ट आहे. तिथे वाईनने टाकलेला चोथा, इथे बीने टाकलेलं फळ.

या बाजूला मात्र बोंडू सिंधुदुर्गात असो की रत्नागिरीत, त्याच्या दारूला फेणी म्हणता येत नाही, कारण मानांकन गोव्याचं. खरं तर १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता, म्हणजे गोव्याची हद्द आम्हाला थेट लागत होती. पण हद्दीपलीकडच्या मानाचा वाटा शेजाऱ्याला मिळत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे बोंडू उघडपणे टेम्पोतून गोव्याच्या भट्ट्यांवर जातात आणि बाटली होऊन लपतछपत डिकीतून परत येतात. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर जी बाटली पकडली जाते, तिच्यातला रस कधीकाळी याच बाजूच्या झाडावर वाढलेला असू शकतो. आपलं पोर परदेशी शिकून आलं आणि विमानतळावर अडवलं, तशातला प्रकार.

मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि तो नाव बदलून आजही आहे. त्यानुसार महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं आणि माहीत असलेल्यांपैकी त्याहून थोड्यांजवळ तो असतो. त्या कायद्याच्या छायेत बोंडूचं भवितव्य अडकून होतं. मग २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. काजूची बोंडं, मोहाची फुलं वगैरे स्थानिक फळाफुलांपासून होणाऱ्या मद्याला यापुढे 'देशी' नव्हे, तर 'विदेशी मद्य' म्हणायचं. हेतू चांगला होता. देशी म्हटलं की दर्जा आणि भाव दोन्ही पडतात. पण लांज्याच्या कातळावरचं झाड, त्याखाली गळलेला बोंडू, गावातलीच भट्टी आणि बाटली मात्र कागदोपत्री परदेशी! काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झाड तरी कुठे आपलं होतं? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. सरकारला फार उशिरा कळलं, एवढंच." यावर बोलण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं.

प्रतिष्ठा मात्र कागदाने येत नाही. ग्राप्पाला ती आणली ती फ्रिउली प्रांतातल्या नोनिनो दांपत्याने, जानोला आणि बेनितो यांनी. त्या आधी सगळ्या जातींचा चोथा एकत्र टाकून भट्टी लावायची पद्धत होती. १९७३ साली त्यांनी पिकोलित या दुर्मीळ द्राक्षाचा चोथा वेगळा काढून त्याची ग्राप्पा केली. एकत्र टाकायची सवय लागलेल्या शेतकऱ्यांना चोथा वेगळा ठेवायला लावणं सोपं नव्हतं. म्हणून जानोलाबाईंनी त्यांच्या बायकांना पैसे देऊन ते काम करवून घेतलं. घरातलं खरं काम कोण करतं हे ज्याला कळतं त्याचा धंदा चालतो. मग सुंदर बाटली, मग नाव. पुढे या घराण्याने साहित्याचं पारितोषिकही सुरू केलं. व्ही. एस. नायपॉल, ट्रान्सट्रोमर, मो यान यांना नोबेलच्या आधी नोनिनो मिळालेलं होतं. दारूच्या भट्टीवाल्यांनी साहित्यिकांना सन्मानित करावं, ही कल्पना आपल्याकडे चालणार नाही, असं मला आधी वाटलं. मग रत्नागिरीत १९९० साली भरलेलं साहित्य संमेलन आठवलं आणि त्यानंतरची संमेलनंही. साहित्यिक आणि भट्टी यांचा संबंध आपल्याकडेही आहे, फक्त पैसे देण्याची दिशा उलटी.

भाचा परत गेला तेव्हा मुरलेलीची बाटली जवळपास रिकामी होती आणि कोवळीत बोटभर शिल्लक होती. ती काकांनी गुडघ्यासाठी मागून नेली.

तुम्हाला कधी ग्राप्पा मिळाली तर मुरलेली घ्या, जेवण झाल्यावर घ्या, बोटभरच घ्या आणि जवळ आंबापोळी असू द्या. पंचविसाच्या आतल्यांनी नुसती आंबापोळी घ्यावी, महाराष्ट्राचा कायदा तसं सांगतो. आणि एप्रिलमध्ये रत्नागिरीकडे आलात तर कोणाच्याही काजूच्या बागेत बोंडू मागा. पिशवीभर फुकट मिळेल, वर मालक आभारही मानेल. फक्त पांढरा सदरा घालून येऊ नका.